इनासच्या माडाचं तेल

सकाळी कामाला निघालेल्या माणसाला तेली आडवा आला, की आमच्या गावात तो माणूस घरी परत जाई, घोटभर पाणी पिई आणि मग पुन्हा निघे. आम्ही तेली. गावाला पाणी पाजायचं पुण्य आमच्या घराण्याइतकं कुणी जोडलं नाही, असं माझे बाबा, धोंडू तेली, म्हणायचे. त्यांचं तोंड मुद्दाम बघायला येणारा गावात एकच माणूस होता. पहाटेची घंटा वाजवून झाली की तो आमच्या घाण्यावर यायचा, बाबांशी दोन शब्द बोलायचा आणि मगच आपल्या कामाला लागायचा. तो पास्कू फर्नांडिस. मी त्याला पास्कूकाका म्हणायचे.

मालवणपासून दोन-अडीच कोसांवर, समुद्राच्या काठाला आमचं गाव. गावाच्या टोकाला ख्रिस्तांवांची पंधरा-वीस घरं आणि त्यांची एक बुटकी, चुन्याची इगर्जी, म्हणजे चर्च. पास्कूकाका तिथला साक्रिस्तांव. म्हणजे घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, धुपाटणं हलवायचं, पाद्रींचे कपडे घडी करून ठेवायचे आणि कुणी मरणाला टेकलं की पाद्रींबरोबर तेलाची डबी घेऊन त्या घरी जायचं. हे शेवटचं काम तो सगळ्यांत मन लावून करायचा. मेज कसं मांडायचं ते मी लहानपणापासून त्याच्या तोंडून ऐकत आले: पांढरा कपडा, क्रूस, दोन मेणबत्त्या, ताटलीत कापसाचे सहा बोळे, बोटं पुसायला लिंबाची फोड. बोळे सहा, कारण पाद्री डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय अशा सहा ठिकाणी तेल लावतात आणि त्या त्या अवयवाने केलेल्या पापांची माफी मागतात. पुसलेले बोळे टाकत नाहीत. त्यांना आशीर्वादाचं तेल लागलेलं असतं, म्हणून ते जाळतात. बाबा त्याची थट्टा करायचे. पोटाला कसं लावत नाहीत, म्हणायचे, सगळं पाप तर तिथंच असतं. काका मनापासून हसायचा.

ते तेल जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं. जैतुनाचं झाड आमच्या बाजूला कुणी पाहिलेलं नाही, पास्कूकाकानेही नाही. ते काजूसारखं असावं असा त्याचा आपला अंदाज होता. पण बोलायचा असा, की जणू परसात दोन लावलीत. बैल फिरत असायचा, घाण्यातली लाकडी लाट करकरत असायची, आणि काका कट्ट्यावर बसून सांगायचा. जग पाण्यात बुडालं तेव्हा नोहाच्या तारवाकडे कबुतर परत आलं, ते चोचीत जैतुनाचं पान घेऊन. त्यावरून कळलं की देवाचा राग उतरला. वाटमाऱ्यांनी झोडपून टाकलेल्या माणसाच्या जखमांवर परक्या जातीच्या वाटसरूने ओतलं ते हेच तेल. राजाच्या डोक्यावर हेच, तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्यात हेच, आणि जाताना पुन्हा हेच. माडाचा शेंडा छाटला की माड मेला. जैतून तोडलं तर मुळातून फुटतं. आणि मरणाच्या आदल्या रात्री येशू ज्या बागेत घाम गाळत एकटा रडला, ती जैतुनांची बाग. तिच्या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. हे ऐकून बाबांनी बैल थांबवला होता. देवाला रडायला शेवटी घाणाच सापडला, याचं त्यांना फार वाटलं. त्या दिवसापासून इगर्जीच्या दिव्याचं खोबरेल काढताना ते घाणा धुऊन घ्यायला लागले.

आता त्या डबीतल्या तेलाचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच फिरलं. बिशप वर्षातून एकदाच, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, तेलावर प्रार्थना करतात आणि ते थोडं थोडं सगळ्या इगर्ज्यांना जातं. ते वर्षभर पुरवायचं. पुरेनासं झालं तर त्यात बिनआशीर्वादाचं, साधं जैतुनाचं तेल घालता येतं. फक्त डबीत असेल त्याहून कमी घालायचं, म्हणजे जुन्याचा आशीर्वाद नव्याला लागतो. आमचे म्हातारे पाद्री तसं घालताना काकाने वीस वर्षं पाहिलं होतं. हे वरकड तेल गोव्याहून डब्यातून यायचं. पुढे पाद्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा ते काम त्यांनी काकावरच सोपवलं. कमी झालं की घाल, पण निम्म्याहून कमी, एवढंच सांगून.

काकाची बायको रुजाय. बोलायला तिखट, हाताने सढळ. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना मुलगा झाला, इनास. तो झाला त्या वर्षी रुजायकाकीने दारात माड लावला, आणि गाव त्याला इनासचा माड म्हणायला लागलं. मुलगा अकरा वर्षांचा होऊन, चौपन्न साली, घटसर्पाने गेला. नऊ दिवस काकी मेरीमातेपुढे गुडघे टेकून होती. दहाव्या दिवशी त्याला पुरून आली, आणि त्यानंतर तिने इगर्जीची पायरी चढली नाही. नवरा घंटा वाजवतोय आणि बायको अंगणात सुकट वाळत घालतेय, हे गाव दर रविवारी बघायचं. म्हातारे पाद्री तीनदा घरी गेले. तिने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली, पण कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, ती गेली नाही.

काका तिला त्यावरून कधी बोलला नाही. मला मात्र एकदा म्हणाला की कुमसाराशिवाय माणूस गेलं तर त्याची पुढची वाट फार कठीण. अशा माणसाला एका तेलाचाच काय तो आधार. ज्याला बोलता येत नाही त्याचीही पापं ते पुसतं. काकी हट्टाची होती, ती आपणहून कधी कबुलीला जाणार नाही हे त्याला माहीत होतं. त्याची सगळी भिस्त त्या डबीवर होती.

पंचावन्न साली गोव्याची हद्द बंद झाली. बांद्याच्या पुढे माणूस जाईना, तिथे तेलाचा डबा कुठून येणार? छप्पनमध्ये शिल्लक संपली. सत्तावनच्या जूनमध्ये मुंबईची माणसं ताप घेऊन गावी आली आणि पंधरा दिवसांत घराघरांतून कण्हणं ऐकू यायला लागलं. त्या साथीत म्हातारी माणसं पटापट गेली. ख्रिस्तांवांच्या वाडीत पाद्रींना दिवसाआड बोलावणं. जुलैत काकाने डबी उघडली तर आत बोटभर तेल, आणि पुढची गुड फ्रायडे नऊ महिन्यांवर.

यानंतर त्याने जे केलं ते आमच्या बाजूचाच माणूस करील. झावळ्यांच्या रविवारी, येशू शहरात आला तेव्हाची आठवण म्हणून, ख्रिस्तांव मिरवणूक काढतात. तेव्हाच्या लोकांनी जैतुनाच्या नि खजुराच्या फांद्या धरल्या होत्या म्हणे. आमच्याकडे त्या कुठल्या? म्हणून माडाची चुडतं धरतात, पाद्री त्यांच्यावर पाणी शिंपडतात, आणि ते चुडत वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोवलेलं असतं. लग्नाआधी नवऱ्या-नवरीला नारळाचा रस चोळतात, तोही देवाला चालतो. मग तेलानेच काय घोडं मारलंय, असा काकाने विचार केला. जैतून तिकडच्या लोकांचं, माड आपला, देव दोन्हीकडचा. उद्या कुणी मरायला टेकलं आणि डबी कोरडी निघाली तर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं?

उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं इनासच्या माडाचं खोबरं घेऊन तो घाण्यावर आला. त्याच्यापाशी त्याहून पवित्र काही नव्हतं. वेगळं काढ, दुसऱ्यात मिसळू नको, एवढंच बाबांना म्हणाला. आम्हाला वाटलं, दिव्यासाठी असेल. बाबांनी घाणा दोनदा धुतला. बैल मी हाकला. मी तेव्हा बावीस वर्षांची, गावच्या शाळेत मास्तरीण. पण सुट्टीच्या दिवशी घाणा सुटायचा नाही. तेल पाण्यासारखं नितळ निघालं. काकाने ते डबीत घातलं, निम्म्याहून कमी. आठवड्याने पुन्हा निम्म्याहून कमी. नियम त्याने एकदाही मोडला नाही. असं पाच-सहा वेळा केलं की डबीत जैतून नावालाच उरतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

सप्टेंबरात, गणपती गेल्यावर, रुजायकाकी विहिरीवर कोसळली. साथीतून ती सुटली होती, आणि आता हे. एक अंग गेलं, वाचा गेली. काकाने स्वतःच्या घरात मेज मांडलं, स्वतः मेणबत्ती धरली. म्हाताऱ्या पाद्रींनी चाचपत तेल लावलं. ओठांवरून त्यांचं बोट फिरलं तेव्हा काकीने जिभेने ते तेल चाटलं आणि काकाकडे बघितलं. मी दारात उभी होते, मीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. काका रडला, पण रडताना त्याच्या चेहऱ्यावर एक सुटका होती. तीन वर्षं देवाशी अबोला धरलेली आपली बायको शेवटी माफी घेऊन गेली, या समाधानावर त्याने पुढचे तीन-चार महिने काढले. सकाळी घाण्यावर येऊन तो ते पुन्हा पुन्हा सांगायचा आणि आम्ही पुन्हा पुन्हा ऐकायचो.

नोव्हेंबरात म्हातारे पाद्री वारले आणि नाताळाच्या आधी नवे पाद्री आले. तिशीचे, चष्मेवाले, घाटावरचे, नियमाला पक्के. पुढे कितीतरी वर्षं ते इथे राहिले तरी गाव त्यांना नवे पाद्रीच म्हणत राहिलं.

जानेवारीत हींव पडलं. आमच्या घाण्यावर तेलाचे डबे पांढरे होऊन बसले होते, बाबा गिऱ्हाइकांना उलथन्याने खरवडून तेल देत होते. अशा एका सकाळी वाडीतल्या म्हाताऱ्या दुमिंगकडून पाद्रींना बोलावणं आलं. काकाने मेज मांडलं, नव्या पाद्रींनी डबी उघडली, आणि आत तुपासारखा पांढरा गोळा. जैतुनाचं तेल आमच्या हिवाने असं गोठत नाही. खोबरेल गोठतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाद्रींनी चिमटीत घेऊन वास घेतला, डबी मिटली आणि आपल्या खिशातली लहानशी कुपी काढून दुमिंगला तेल लावलं. काका मेणबत्ती धरून बघत होता. कुपीतलं तेल पातळ होतं, हिरवट.

इगर्जीत परतल्यावर पाद्रींनी विचारलं आणि काकाने सगळं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. चुडतांचंही सांगितलं. पाद्री म्हणाले, फांदी ही खूण आहे, ती बदलली तरी चालते. पण हे तेल जैतुनाचंच लागतं, नाहीतर संस्कार होतच नाही. काकाने एकच विचारलं.

"रुजायक लायला, ता?"

पाद्रींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मला सांगता येत नाही.

हे त्याच दुपारी काकाने घाण्यावर बसून आम्हाला सांगितलं. साथीत गेलेल्या बाकीच्यांनी जाण्याआधी कुमसार केलं होतं, त्यांची काळजी नव्हती. पाद्रींनी वर, बिशपांना, पत्र लिहिलं आणि काकाला गप्प राहायला सांगितलं. जिने कुमसार केलं नव्हतं, जिचा सगळा भार तेलावर होता, अशी बाई एकच, आणि ती त्याची बायको. तेल घालणाराही तोच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आपण हसत म्हणतो; या माणसाच्या हातात खरोखरच धुपाटणं उरलं. बाबांनी त्याला समजावलं की देव काय तेल्याच्या दुकानात बसलाय तेलाची जात विचारायला? काका म्हणाला, मग तीस वर्षं लोकांच्या घरी मी ती डबी कशाला नेली?

मला नव्या पाद्रींचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांना सांगता येत नव्हतं हे खरं असेल. पण बायको पुरून चार महिने झालेला माणूस समोर उभा असताना खरं असेल तेवढंच बोलायचं का?

काकाने कपाटाची किल्ली पाद्रींना देऊन टाकली. घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा, पण डबीला हात लावला नाही. सकाळी घाण्यावर यायचा, पण जैतुनाची गोष्ट पुन्हा त्याच्या तोंडून निघाली नाही. डोक्याला तेल लावणंही त्याने सोडलं. केस काथ्यासारखे राठ झाले. इनासच्या माडाचे नारळ पडले की आमच्या अंगणात आणून टाकायचा, स्वतः एकही फोडायचा नाही. त्यांचं तेल आम्ही वेगळ्या बरणीत ठेवायचो. का, ते आम्हालाही सांगता आलं नसतं.

एकदा मी धीर करून म्हटलं की काकीने ते तेल चाटलं होतं. आपल्या पोराच्या माडाचं आहे, हे तिला चवीवरून कळलं असणार.

"तुळशे," तो म्हणाला, "तिका कळला आसतला. देवाक कळला काय?"

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. फेब्रुवारीत काका निघाला. कसालपर्यंत एक गाडी, तिथून बांद्यापर्यंत दुसरी, पुढे म्हापशाला. आयुष्यात तो इतका लांब गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी परतला तो जैतुनाच्या तेलाचा डबा घेऊन. घरी न जाता सरळ रुजायकाकीच्या मातीपाशी गेला आणि डोक्याकडून पायांकडे, सहा ठिकाणी, थोडं थोडं तेल ओतलं. नवे पाद्री तिथे आले. ते रागावले नाहीत. जवळ उभं राहून हळूच म्हणाले की हा संस्कार जिवंत माणसाचा, गेलेल्यांना तो नाही. काकाने मान हलवली. डब्यात निम्मं तेल उरलं होतं, ते त्याने इगर्जीला दिलं. डबीत वरकड घालायला होईल, म्हणाला.

त्यानंतर चार वर्षं तो जगला. या चार वर्षांबद्दल मला फारसं सांगता येण्यासारखं नाही. तो घंटा वाजवायचा आणि संध्याकाळी त्या मातीपाशी उभा राहायचा. मधल्या काळात बाबा गेले. ते गेल्यावरही काका सकाळी यायचा आणि माझं तोंड बघून जायचा.

सहासष्टच्या जानेवारीत त्याने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. मालवणच्या डॉक्टरांनी हात टेकले. चौथ्या दिवशी सकाळी मला निरोप आला, इनासच्या माडाचं तेल घेऊन ये. मी वाटीत घेऊन गेले. हिवाने ते दगडासारखं झालं होतं. नवे पाद्री आधीच येऊन बसले होते, काकाचं कुमसार झालं होतं, मेज मात्र कुणाला मांडता येईना. काका अंथरुणातून सांगत गेला तसं मी मांडलं. कापसाचे सहा बोळे केले. माझं मेजही त्याने एकदा मान वर करून तपासलं.

पाद्रींनी कुपी काढली तेव्हा काकाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"तुमचा तेल नको, पाद्री. रुजायक जा लायला, ताच माका लाया. ती जंय गेली आसात, थंय माका जावचा आसा."

पाद्री खाटेपाशी गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "पास्कू, ती देवापाशीच आहे. तिथं पोचायला तेल लागत नाही."

"मगे तेव्हा कित्याक नाय सांगलात?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. पाद्रींनी कुपीचं झाकण लावलं, ती खिशात ठेवली आणि माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं. मग पुस्तक उघडून ते हलक्या आवाजात वाचायला लागले. ते त्याच संस्काराचे शब्द होते की दुसरे काही, मी त्यांना कधी विचारलं नाही.

मी नखाने तेल खरवडलं, तळव्यात घेऊन जरा ऊब दिली आणि लावत गेले. डोळे. कान. नाक. प्रत्येक वेळी बोळ्याने टिपत होते, तो शिकवायचा तसं. ओठांना लावलं तेव्हा त्याने जीभ फिरवली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. हातांवरचं तेल विरघळायला वेळ लागला. मग पायांशी आले. पावलांवर तेल ठेवलं, पण ते विरघळेना. मी चोळलं, फुंकर घातली, पुन्हा चोळलं. ते पांढरंच राहिलं. पाद्रींनी माझ्या खांद्याला हात लावून पुरे म्हणेपर्यंत मी चोळत होते.

पाद्रींनी त्याचे डोळे मिटले. मग ताटलीतले सहाही बोळे त्यांनी मोजून उचलले आणि बाहेर नेऊन, इनासच्या माडाखाली, नियमाप्रमाणे जाळले.